वंशभेदाचे साहित्य वाचताना : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आफ्रिकी-अमेरिकी कादंबरीवरील लेख प्रसिद्ध झाल्यानंतर नागपुरातून आणि कामठी, हिंगणा या भागांतून बरीच पत्रे आली. काही पत्रांत पुस्तकांविषयी शंका आहेत, तर काहींत पुस्तकांच्या निमित्ताने घरातल्या आणि वसतिगृहातल्या वागणुकीविषयी अस्वस्थता आहे. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या वाचक मंडळात जोसेफ कॉनरॅड यांची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ही लघुकादंबरी वाचली गेली. एका सदस्यांचे म्हणणे असे पडले की हे पुस्तक वंशवादी असल्यामुळे ते मंडळाच्या यादीतून काढून टाकावे. दुसऱ्यांच्या मते हे पुस्तक साम्राज्यशाहीवरचा कठोर आरोप आहे. यांत खरे कोणाचे? (निवृत्त शिक्षक, महाल)

उत्तर : दोघांनाही पुस्तकात आधार सापडेल, आणि म्हणूनच ते यादीतून काढू नये असे मला वाटते. कॉनरॅड १८९० मध्ये काँगो नदीवरील बोटीवर काम करण्यासाठी गेले होते. तो प्रदेश त्या काळी बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीचा असल्यासारखा होता. हस्तिदंत आणि रबर यांसाठी तेथील लोकांना मारहाण करून राबवून घेतले जात होते आणि राजाची ही सत्ता १९०८ पर्यंत टिकली. जे पाहिले त्याची शिसारी कॉनरॅड यांच्या लेखनात स्पष्टपणे उतरली आहे. १८९९ मध्ये ही कथा मासिकातून प्रसिद्ध झाली, तेव्हा युरोपातील बहुसंख्य सुशिक्षित वाचक वसाहतींना सुधारणेचे कार्य समजत होते, हे लक्षात घेतले तर तिचे धाडस नाकारता येत नाही.

तरीही १९७५ मध्ये नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात कॉनरॅड यांना थेट वंशवादी ठरवले, आणि त्यांचा मुद्दा आजही खोडता येण्यासारखा नाही. या कथेतील आफ्रिकी माणसे म्हणजे हालणारे हातपाय, फिरणारे डोळे आणि किंचाळण्याचे आवाज आहेत. त्यांना बोलायला जवळजवळ भाषाच दिलेली नाही. एका युरोपीय मनाची पडझड दाखवण्यासाठी एक अख्खा भूभाग पडद्यासारखा मागे टांगलेला आहे. अत्याचाराविषयी लेखकाला दया वाटते, परंतु ज्याच्यावर अत्याचार होतो त्याच्या मनात काय चालले असेल, हा प्रश्न लेखकाला पडत नाही. वंशभेदाविषयीचे कोणतेही साहित्य वाचताना मला हीच कसोटी सर्वांत उपयोगाची वाटते : पुस्तकात मन कोणाला दिले आहे आणि नुसते शरीर कोणाच्या वाट्याला आले आहे? पात्रांच्या तोंडी वंशवादी शब्द आहेत म्हणून पुस्तक वंशवादी ठरत नाही, आणि लेखकाला पीडितांचा कळवळा आहे म्हणून ते त्या दोषातून सुटतही नाही.

मंडळाने पुढच्या बैठकीत अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही १९५८ ची कादंबरी घ्यावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. तिच्यात नायजेरियातील इग्बो समाजाला शेती, न्यायसभा, विनोद, म्हणी, लग्नाच्या वाटाघाटी असे सगळे काही आहे. आपल्या समाजाचा कैवार घेताना अचेबे यांनी त्याचे दोषही झाकलेले नाहीत. जुळी मुले अरण्यात टाकून देण्याची रीत त्यांनी लिहिली आहे, आणि ‘ओसू’ म्हणून वाळीत टाकलेले, ज्यांच्याशी इतरांनी लग्न करायचे नाही असे लोकही त्यांनी दाखवले आहेत. मिशनरी येतात तेव्हा हे ओसू त्यांच्याकडे जातात. विदर्भातील वाचकाला हा भाग वाचताना कोणत्याही टीपेची गरज पडणार नाही.

प्रश्न : जातिभेद हा वंशभेदच आहे, असे आमच्या महाविद्यालयातील एका चर्चासत्रात ठामपणे मांडले गेले. मला ते पटलेही आणि पटले नाहीही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे याविषयी काय मत होते? (पदव्युत्तर विद्यार्थिनी, इंदोरा)

उत्तर : आपल्या मनातील द्विधा योग्य ठिकाणी आहे. बाबासाहेबांचे मत अगदी स्पष्ट होते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि सभा रद्द झाल्यावर १९३६ मध्ये त्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेले ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण पाहावे. जात ही वंशांची विभागणी नसून एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे, असे त्यांनी त्यात म्हटले आहे, आणि पंजाबातील ब्राह्मण व मद्रासमधील ब्राह्मण यांच्यात वांशिक नाते ते कोणते, असा सवाल केला आहे. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापांची त्या काळची आकडेवारी तपासून अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत ही समजूत खोडून काढली. महात्मा फुले यांची मांडणी मात्र वेगळी होती. त्यांनी ब्राह्मणांना बाहेरून आलेले आर्य मानून संपूर्ण इतिहास उलटा वाचला. त्यांच्या काळातील युरोपीय पंडितांनी ज्या आर्य सिद्धान्ताचा वापर उच्चवर्णीयांच्या गौरवासाठी केला, तोच फुले यांनी शूद्रातिशूद्रांच्या बाजूने वळवला.

वंश ही कल्पनाच जीवशास्त्राच्या पायावर उभी नाही, हे आता सर्वमान्य आहे. कोणत्याही दोन माणसांची जनुकीय रचना जवळजवळ ९९.९ टक्के सारखी असते, आणि जो थोडा फरक उरतो त्याचा मोठा भाग एकाच समूहातील दोन माणसांमध्येही आढळतो. वंश खरा नाही, वंशभेद मात्र खरा आहे. आणि जातीविषयीही हेच म्हणावे लागते. या दोन व्यवस्था वेगळ्या असल्या, तरी त्यांची तुलना करणे चुकीचे नाही. आपल्याकडे ती फार जुनी आहे. अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी आफ्रिकी-अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे आफ्रिकी-अमेरिकी लोकांच्या वतीने केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या, आणि ड्यू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले होते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले गेले. जात आणि वंश एकच ठरवण्यासाठी ही तुलना झालेली नव्हती. दुसऱ्याच्या लढ्यातून आपल्या लढ्यासाठी काय घेता येईल, हे ते शोधत होते. २००१ मध्ये डर्बन येथील वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत भारत सरकारने जात म्हणजे वंश नव्हे, अशी भूमिका घेतली. शब्दार्थाने ती बाबासाहेबांच्या मताशी जुळणारी होती, परंतु जातीची चर्चाच आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर होऊ नये यासाठी तिचा वापर झाला, आणि तो मला अत्यंत अनुचित वाटतो.

साहित्यात हा फरक आणि हे साम्य दोन्ही एकाच ठिकाणी पाहायचे असेल, तर जात किंवा वंश लपवण्याच्या कथा वाचाव्यात. नेला लार्सन यांच्या १९२९ मधील ‘पासिंग’ या कादंबरीत फिकट कांतीची एक आफ्रिकी-अमेरिकी स्त्री गोरी म्हणून जगते. तिच्या नवऱ्याला कृष्णवर्णीयांचा पराकोटीचा तिटकारा आहे आणि आपली बायको त्यांच्यातलीच आहे हे त्याला ठाऊक नाही. बाबूराव बागूल यांच्या १९६३ च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण भाड्याची खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही, आणि ती उघड होताच मार खातो. अमेरिकेत बहुतेकांना लपायला जागाच नसते, कारण कातडी सगळ्यांना दिसते. ज्यांची कातडी फसवू शकते अशा मोजक्यांचीच ती कथा होऊ शकते. आपल्याकडे चेहऱ्यावरून काही कळत नाही, म्हणून आडनाव, गाव, मोहल्ला, देवघरातील तसबीर या मार्गांनी चौकशी करावी लागते, आणि म्हणून लपवण्याचा मोह व उघडे पडण्याची भीती ही कोणाच्याही आयुष्यात येऊ शकते. दोन्हीकडे माणूस स्वतःच्या आईवडिलांना नाकारल्याखेरीज सुरक्षित राहू शकत नाही. त्या दुःखाची जात एकच आहे.

आपण नागपूरच्या आहात, म्हणून कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ हे १९८१ चे पुस्तक अवश्य वाचावे. याच शहरात एका महार घरातील मुलीने संस्कृत शिकण्याचा हट्ट कसा धरला आणि उत्तम रीतीने एम. ए. होऊनही नोकरीसाठी दारे कशी बंद राहिली, हे त्यांनी लिहिले आहे. विवाहानंतर ‘सोमकुवर’ जाऊन ‘पावडे’ हे आडनाव आले आणि मग नोकरी मिळाली. त्या नोकरीचे श्रेय कुमुद सोमकुवर हिच्याकडे जात नाही, ही बोच त्यांनी स्वतः नोंदवली आहे. गुणवत्ता तीच, माणूस तोच, बदलले ते केवळ आडनाव. तुलनात्मक अभ्यासाचा प्रबंध लिहिणार असाल, तर लार्सन आणि पावडे यांना शेजारी ठेवून पाहावे. या दिशेने पुष्कळ काम करण्यासारखे आहे.

प्रश्न : आमच्या घरात मुलीसाठी स्थळे पाहणे सुरू आहे. तिचा रंग सावळा असल्याने दोन ठिकाणांहून नकार आला. ‘यात वंशभेद वगैरे काही नाही, ही केवळ आवड आहे,’ असे नातेवाईक म्हणतात. मला हे ऐकून फार त्रास होतो. (गृहिणी, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : आपला त्रास रास्त आहे. ही आवड प्रत्येकाच्या मनात स्वतंत्रपणे उगवलेली असती, तर सगळ्यांची आवड एकाच दिशेची झाली नसती. विवाहविषयक जाहिरातींत ‘गोरी’, ‘निमगोरी’ ही पात्रता शिक्षणाच्या बरोबरीने छापली जाते. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाचे नाव बदलायला २०२० साल उजाडावे लागले. ‘सावळे सुंदर रूप मनोहर’ हृदयात निरंतर राहो, असे तुकोबांच्या शब्दांत दर एकादशीला मागणारी घरेच सुनेच्या बाबतीत उलटे मागतात, याचा विचार त्या घरांनी करायला हवा.

टोनी मॉरिसन यांची ‘द ब्लूएस्ट आय’ ही १९७० मधील पहिली कादंबरी आपण आणि आपल्या मुलीने मिळून वाचावी, असे सुचवताना मी थोडा थांबलो, कारण ती सोसायला कठीण आहे. तिच्यात एका लहान मुलीवर घरातच अत्याचार होतो. पण रंगाची आवड माणसाचे काय करते, हे इतक्या खोलवर क्वचितच कोणी लिहिले असेल. ओहायोमधील पिकोला नावाची कृष्णवर्णीय मुलगी निळे डोळे मिळावेत म्हणून प्रार्थना करते, कारण निळे डोळे असले तर जग आपल्याशी चांगले वागेल असे तिला वाटते. त्यातील एक प्रसंग विसरता येत नाही. पिकोलाची आई एका गोऱ्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरात काम करते. पिकोलाच्या हातून तेथे गरम गोड पदार्थ सांडतो, तिचे पाय भाजतात, आणि आई तिलाच मारून रडणाऱ्या गोऱ्या मालकिणीच्या मुलीला जवळ घेते. तेथे कोणी गोरा माणूस पिकोलाला हात लावत नाही. तिरस्कार आईच्या हातापर्यंत पोचलेला असतो. १९४०च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून निवडली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शाळांतील वंशभेद रद्द करताना या अभ्यासाचा उल्लेख केला होता.

घरातील गोऱ्या रंगाची ओढ आणि आफ्रिकी विद्यार्थ्याला भाड्याने खोली नाकारणारे दार यांत मला मोठे अंतर दिसत नाही. नातेवाइकांशी वाद घालण्यापेक्षा आपल्या मुलीसमोर तिच्या रंगाविषयी दिलगिरीच्या सुरात बोलणे आधी बंद व्हावे, हे अधिक तातडीचे आहे. ‘रंग सोडला तर सगळे छान आहे’ हे वाक्य प्रेमाने म्हटले तरी ते तिला तेच शिकवते.

प्रश्न : वसतिगृहात माझ्यासोबत मणिपूरची एक मुलगी राहते. बाहेर तिला चेहऱ्यावरून नावे ठेवतात आणि ‘गंमत केली’ म्हणतात. ती काही बोलत नाही. मी काय करावे? (विद्यार्थिनी, रामदासपेठ)

उत्तर : ती बोलत नाही याचा अर्थ तिला चालते असा घेऊ नये. त्या क्षणी आपण तिच्या बाजूने बोलावे, मराठीत आणि मोठ्याने. नाव ठेवणाऱ्याला त्याच्याच भाषेत कोणी अडवले की त्याचा परिणाम वेगळा होतो. पुढे तक्रार करायची की नाही, हे मात्र तिला ठरवू द्यावे. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचल प्रदेशातील एका विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्याची सुरुवात अशाच टिंगलीतून झाली होती. त्यानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या बेझबरुआ समितीने ईशान्येकडील नागरिकांशी होणाऱ्या अशा वर्तनाविरुद्ध कायद्यात तरतुदी करण्याची शिफारस केली. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म आणि जात यांच्या बरोबरीने ‘वंश’ हा शब्दही आहे. वसतिगृहाच्या फलकावर तो अनुच्छेद लावण्याची मागणी आपण व्यवस्थापनाकडे जरूर करावी.

प्रश्न : मुलासाठी ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ घेतले. जुन्या आवृत्तीत काही वंशवादी भाग होता असे ऐकले. पुस्तक परत करावे का? (पालक, नंदनवन)

उत्तर : परत करण्याची गरज नाही. १९६४ च्या मूळ आवृत्तीत कारखान्यात राबणारे उम्पा-लुम्पा हे आफ्रिकेच्या जंगलातून खोक्यांत भरून आणलेले काळे बुटके लोक होते, आणि कोकोच्या बियांच्या मोबदल्यात काम करताना ते आनंदी दाखवले होते. टीका झाल्यावर लेखक रोआल्ड डाल यांनी स्वतःच १९७३ च्या आवृत्तीत त्यांचे वर्णन बदलले, आणि आज मिळणाऱ्या पुस्तकात ते जुने वर्णन नाही. मूल दहा-बारा वर्षांचे झाले की हा बदल त्याला सांगावा. हे लोक आनंदाने राबत होते असे लेखकाला का वाटले असेल, हा प्रश्न त्या वयाच्या मुलाला नीट कळतो.

प्रश्न : मी कथा लिहितो. नागपुरात शिकायला आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्याला घरमालक अपमानित करतात, पुढे त्याच घरमालकांना हृदयविकाराचा झटका येतो, विद्यार्थी त्यांना पाठीवर घेऊन रुग्णालयात पोचवतो आणि त्यांचे डोळे उघडतात, अशी कथा आहे. मी स्वतः त्या समाजाचा नसताना हे लिहावे का? कथेविषयी आपले मत कळवावे. (तरुण लेखक, हिंगणा मार्ग)

उत्तर : अवश्य लिहावे. आपल्या समाजाबाहेरच्या माणसाविषयी लिहायचेच नाही असे ठरवले, तर कादंबरी हा प्रकारच बंद करावा लागेल. पण आपण पाठवलेल्या कथेत एक गंभीर उणीव आहे, आणि आपल्या हेतूविषयी मला शंका नसल्यामुळेच ती स्पष्ट सांगतो. हा विद्यार्थी घरमालकांना सुधारण्यासाठी जन्माला आला आहे. त्याला माणूस म्हणून वागवले जाण्यासाठी आधी एक जीव वाचवावा लागतो. घरमालकांना मात्र माणूस ठरण्यासाठी काहीच करावे लागत नाही. त्याने रुग्णालयात नेले नसते, तर त्याचा अपमान योग्य ठरला असता का? हार्पर ली यांच्या १९६० मधील ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या गाजलेल्या कादंबरीविषयीही अशीच तक्रार पुढे केली गेली. वाचकाच्या मनात राहतो तो न्यायासाठी उभा राहणारा गोरा वकील अ‍ॅटिकस फिंच. ज्याच्यावर खोटा आरोप आहे तो टॉम रॉबिन्सन न्यायालयात साक्ष देतो, सज्जन वाटतो, मारला जातो, आणि त्याच्या रात्री कशा जात असतील हे आपल्याला कळत नाही. याउलट राल्फ एलिसन यांच्या १९५२ च्या ‘इन्व्हिजिबल मॅन’ मध्ये निवेदकच कृष्णवर्णीय आहे. तो चुकतो, फसतो, भाषणे करतो, चिडतो, स्वतःशी भांडतो. त्याच्या चांगुलपणाचा दाखला कोणी मागत नाही.

आपल्या कथेत विद्यार्थी ‘आफ्रिकेतून’ आला आहे, इतकेच आहे. आफ्रिकेत ५४ देश आहेत. तो इथिओपियाचा असेल तर कदाचित घरी अम्हारिक बोलत असेल, सुदानचा असेल तर अरबी. इथिओपियाचा असेल, तर लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार सांभाळून खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) हे नगर वसवणारा मलिक अंबर त्याच्याच भूमीतला होता, हे त्याला किंवा घरमालकांना ठाऊक असेल का? मराठी ऐतिहासिक कथांतून ‘हबशी’ हा आडदांड, क्रूर शत्रू म्हणून वारंवार येतो. सतराव्या शतकाच्या आरंभी मोगलांना दख्खनमध्ये रोखणारा आणि १६२६ मध्ये निधन पावलेला हा मुत्सद्दी मात्र त्या मानाने कमी दिसतो. आपल्या घरमालकांनी लहानपणी कोणत्या गोष्टी वाचल्या असतील, हे शोधले तर त्यांच्या वागण्याचे मूळ आपल्याला हाती लागेल.

पुनर्लेखनात हृदयविकाराचा प्रसंग काढून टाकावा. विद्यार्थ्याला एखादा हट्ट, एखादा दोष, परीक्षेची धास्ती, घरच्या फोनची वाट, असे काही त्याचे स्वतःचे द्यावे. घरमालक शेवटी बदलले नाहीत तरी चालेल. भाडेकराराच्या मुदतीपूर्वी तो खोली सोडून जातो आणि अनामत रकमेवरून दोघांची वादावादी होते, इतक्यावरही कथा संपू शकते. दुसरा खर्डा झाल्यावर तो प्रसिद्धीसाठी पाठवण्यापूर्वी शहरात शिकणाऱ्या एखाद्या आफ्रिकी विद्यार्थ्याला इंग्रजीतून किंवा हिंदीतून सांगावा, तो जेथे हरकत घेईल तेथे समर्थन न करता लिहून घ्यावे, आणि त्यानंतर कथा आमच्याकडे पुन्हा पाठवावी.